मनकर्णाबाईंची घारीची नजर

लासूर स्टेशनपासून बैलगाडीनं तासाभरावरच्या एका गावात सांडू पाटलांची थोरली बहीण मनकर्णाबाई राहायची, आणि तिच्या नजरेची ख्याती पार वैजापूरपर्यंत पोचली होती. पंचक्रोशीत कुणाच्या मुलाचं लग्न काढायचं ठरलं, की लोक पत्रिका दाखवायच्या आधी पाटलांच्या ओट्यावर येऊन बसायचे. "अक्कांना एक दिवस आमच्यासंगं धाडा. पोरगी बघायची हाय." अक्का विधवा. लग्नाच्या मांडवात त्यांनी पुढं यायचं नाही, हळदीला हात लावायचा नाही, नवरीच्या वाटेत उभं राहायचं नाही. पण मुलगी पाहायला अक्काच पाहिजेत. जे शास्त्राला चालत नाही ते गरजेला चालतं, अशी सोय आपल्या लोकांनी फार पूर्वीपासून करून ठेवली आहे.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी पहिली मुलगी पाहिली आणि त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत सत्तरेक. मुलीची हनुवटी धरून, तिचं तोंड आपल्या तोंडाशी आणून त्या अशा काही बघायच्या की पोरगी घामानं भिजायची. टाचेची भेग, दातातली फट, नखातलं कणकेचं पीठ, काही म्हणता काही सुटायचं नाही. सांडू पाटलांना चाळिशीतच पोथी वाचायला चष्मा लागला, त्यांच्या बायकोला तांदळातला खडा दिसेना, आणि अक्का मात्र पन्नाशी उलटल्यावरही पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवायच्या. "घारीची नजर हाय," लोक म्हणायचे. भावाच्या घरी परत आलेल्या बाईला मान मिळायला काहीतरी लागतं. अक्कांकडं नजर होती.

आता बाकीच्या गोष्टी लोकांना दिसत नव्हत्या असं नाही. दिसत होत्या, पण लोकांनी त्यांना आपापली नावं देऊन टाकली होती. रस्त्यानं जाताना अक्का समोरच्याला ओळख देत नसत. त्याला 'पाटलांच्या घरचा ताठा' म्हणत. डोळे बारीक करून बघत. त्याला 'बारीक नजर' म्हणत. एकदा शेतातल्या बुजगावण्याशी, "रामराम घालायला तोंड दुखतं का रे?" म्हणून त्या भांडल्या, गावानं ते नव्या गड्याला मारलेलं बोलणं समजून घेतलं. लासूरच्या बाजारात भावाचा म्हणून भलत्याच गुलाबी फेट्यामागं चालत त्या एका परक्या माणसाच्या दारात पोचल्या. तिथं न डगमगता त्यांनी त्याच्या मुलीची चौकशी केली, आणि त्यातून एक सोयरीकही जुळली. मोठ्या माणसाची चूक अशीच असते, तिलाही फळं येतात.

खुद्द मनकर्णाबाईंना विचाराल तर त्यांची काहीच तक्रार नव्हती. चार हातांपलीकडं जग विरघळतं, झाड म्हणजे हिरवा गोळा आणि माणूस म्हणजे चालता रंग, हे त्यांच्या लेखी जगाचंच वागणं होतं. सगळ्यांना असंच दिसत असणार. देवानं जवळचं बघायला डोळे दिलेत आणि लांबचं ऐकायला कान.

चौऱ्याहत्तर साली घरच्याच मुलाची, सांडू पाटलांच्या बन्सीची पाळी आली. बन्सी लासूरच्या बाजार समितीत चिकटला होता, अंगानं बरा होता, आणि आपल्या लग्नात आपल्याला कुणी काही विचारणार नाही हे त्याला ठाऊक होतं. स्थळ औरंगाबादचं. गारखेड्यात राहणारे रामकिसनराव, जिल्हा परिषदेत कारकून, मूळचे जमीनवाले. मुलगी वच्छला, मॅट्रिक झालेली. निघताना सांडू पाटील बहिणीला म्हणाले, "अक्का, घरचं काम हाय. डोळ्यात तेल घालून बघ."

"त्याची काळजी नको. पण एक सांगून ठेवते," अक्का म्हणाल्या. "चष्मेवाली निघाली तर चहा प्यायच्या आधी उठायचं. चार डोळ्यांची सून पोराबाळात आंधळेपणा आणती."

त्यांचा हा नियम सगळ्या जिल्ह्याला माहीत होता. गंगापूरकडची एक चांगली पोर त्यांनी त्यापायीच नाकारली होती, आणि तिचं लग्न पुढं चार वर्षं रखडलं होतं. रामकिसनरावांच्याही कानावर ते आलं होतं. म्हणून पाहुण्यांची टमटम गल्लीच्या तोंडाशी दिसताच वच्छलाची आई द्वारकाबाई हिनं लेकीच्या नाकावरचा चष्मा काढला, मुरमुऱ्यांच्या डब्यात खुपसला आणि वरून झाकण दाबलं. "माय, मला काहीच दिसत नाही," वच्छला म्हणाली. "एक घंटाभर नाय दिसलं तर मरत नाही कुणी," द्वारकाबाई म्हणाली, आणि झाकण आणखी एकदा दाबून बघितलं.

बैठकीच्या खोलीत पाहुणे बसले. मनकर्णाबाईंनी पदर सावरला, खोलीभर नजर फिरवली आणि दारामागं उभ्या असलेल्या माणसाला आदरानं म्हणाल्या, "रामकिसनराव, तुमी उभे का? बसा की."

रामकिसनराव त्यांच्या शेजारीच सतरंजीवर बसलेले होते. दारामागं खुंटीवर त्यांचा ऑफिसचा कोट आणि वर टोपी टांगलेली होती.

"अक्का लई मिस्किल!" सांडू पाटील मांडीवर थाप मारून हसले. मग रामकिसनराव हसले, कारण मुलीच्या बापानं हसायचंच असतं. बन्सीही हसला. चहाचा ट्रे घेऊन आत येणारी वच्छला तेवढी हसली नाही. चष्मा नसताना मागच्याच आठवड्यात त्या कोटाला ती "बाबा, जेवायला चला" म्हणाली होती, आणि कोट येईना म्हणून रुसलीही होती.

मग परीक्षा सुरू झाली. अक्कांनी मुलीला जवळ ओढली, हनुवटी धरली. वच्छलानंही त्यांच्याकडं पाहिलं. एवढ्या जवळून दोघींना एकमेकींचं सगळं दिसत होतं. वच्छलाला दिसल्या कपाळावरच्या आठ्या, डोळे बारीक करून करून पडलेल्या; ती रोज आरशात आपल्या कपाळावर त्यांचीच सुरुवात बघत होती. मग सुई-दोरा आला. वच्छलानं दोरा नाकाशी नेला आणि एका झटक्यात ओवला. तांदळाचं सूप आलं. वच्छला सुपावर वाकली, मनकर्णाबाई तपासायला वाकल्या, आणि दोघींची डोकी टाणकन एकमेकींवर आपटली.

"नऊ खडे," डोकं चोळत मनकर्णाबाई म्हणाल्या. "माझ्या मोजणीत पण नऊच. सांडू, पोरीची नजर माझ्यावाणीच हाय बघ."

"मग झालं तर!" सांडू पाटील म्हणाले. रामकिसनरावांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. अशा रीतीनं एका आंधळीनं दुसरीला डोळसपणाचं सर्टिफिकेट दिलं, आणि लांबचं नीट दिसणाऱ्या तीन पुरुषांनी त्यावर माना डोलावल्या.

पण अक्कांचं काम एवढ्यावर संपायचं नाही. मुलीचं खरं वळण स्वयंपाकघरातल्या डब्यांत कळतं, ही त्यांची खास पद्धत. डाळीत किडे आहेत का, गुळाला मुंग्या आहेत का, झाकणाला चिकट आहे का, हे बघितल्याशिवाय त्या पसंती देत नसत. "डबे दाव बाई तुझे," म्हणत त्या आत निघाल्या. द्वारकाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती मागच्या दाराशी उभी होती, आणि मुलीच्या आईनं अशा वेळी मध्ये बोलायचं नसतं.

तूरडाळ स्वच्छ. साखर स्वच्छ. शेंगदाणे स्वच्छ. मुरमुऱ्यांच्या डब्यात अक्कांनी कोपरापर्यंत हात घातला आणि थांबल्या. हात बाहेर आला तेव्हा त्यात काळ्या काड्यांचा, मुरमुरे चिकटलेला चष्मा होता.

"धरलं!" त्या म्हणाल्या. पंचवीस वर्षांत असा ऐवज सापडला नव्हता. "कुणाचा गं हा? बापाचा म्हणशील तर त्याच्या नाकावर दुसरा हाय, मी जवळून बघितलाय."

वच्छलानं खोटं बोलायचा विचार केला, पण तिला ते जमेना. "माझा हाय, मावशी."

"बघू तरी किती आंधळी हायेस." आणि मुलगी किती वाया गेलेली आहे याची खात्री करून घ्यायला मनकर्णाबाईंनी तो चष्मा स्वतःच्या नाकावर चढवला.

हातातल्या डब्यातले मुरमुरे एकदम धूसर झाले. त्यांनी चिडून मान वर केली, मागच्या दारातून बाहेर पाहिलं, आणि पाहतच राहिल्या. अंगणात कडुलिंबाचं झाड होतं. त्या झाडाला पानं होती. पानं असतात हे त्यांना ठाऊक होतं, खाली पडलेली त्यांनी जन्मभर झाडली होती. पण ती वर असताना अशी एकेक, वेगवेगळी, काठाला करवतीसारखे दाते असलेली असतात आणि सगळी एकदम हलतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पलीकडच्या भिंतीवर कावळा बसला होता आणि त्याची चोच उघडी होती. त्यापलीकडच्या गच्चीवर कुणाचे तरी पापड वाळत होते. पापड! तिथून!

मग त्यांची नजर दारावर आली. दारात एक बाई उभी होती. चौकट घट्ट धरलेली, ओठ हलत होते, कुठल्या तरी देवाला काहीतरी कबूल करत होती, आणि डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं ते पुसायचीही तिला शुद्ध नव्हती. द्वारकाबाई होती ती. मघापासून तिथंच होती. मनकर्णाबाईंना एवढा वेळ दारात एक जांभळा रंग दिसत होता.

सत्तर घरं त्यांनी पालथी घातली होती. प्रत्येक घरी आतल्या दारात असाच एक रंग उभा असायचा, कधी हिरवा, कधी कुसुंबी. त्या रंगाला तोंड असतं आणि ते तोंड असं दिसतं, हे त्यांना आज कळलं. गंगापूरच्या त्या घरीही दारात कुणीतरी होतं. हिरवं लुगडं होतं बहुतेक. मनकर्णाबाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या मुरमुऱ्यांचा डबा धरून तशाच खाली बसल्या.

वच्छला त्यांच्याजवळ उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "मावशी, तुम्हाला पण लांबचं दिसत नाही ना? तुम्ही कोटाला बसा म्हणालात तेव्हाच मला कळलं."

"समद्यांना असंच दिसतं, असं वाटलं मला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"मला पण तसंच वाटायचं. शाळेत डॉक्टर आले होते तपासायला, तेव्हा कळलं. पहिल्या दिवशी मी रस्त्यानं घरापर्यंत रडत आले."

बाहेरून सांडू पाटलांची हाक आली. "अक्का! लई येळ लागला. काय निघालं का?" आणि उत्तराची वाट न बघता ते स्वतःच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. मागून रामकिसनराव, त्यांच्यामागून बन्सी. तिघांनी अक्कांच्या नाकावरचा चष्मा पाहिला. रामकिसनरावांनी बायकोकडं पाहिलं.

"ह्यो कुणाचा चष्मा?" सांडू पाटलांनी विचारलं.

मनकर्णाबाईंनी भावाकडं पाहिलं. इतक्या अंतरावरून भाऊ असा दिसतो तर; बराच म्हातारा झालाय. उत्तरं दोनच होती. 'पोरीचा' म्हटलं, की घारीची नजर आणखी झळकणार होती. मुरमुऱ्यांच्या डब्यातून खोड काढली म्हणून जिल्हाभर नाव होणार होतं, आणि ही पोर त्या गंगापूरच्या पोरीच्या वाटेनं जाणार होती. 'माझा' म्हटलं, तर सगळं संपत होतं. भावाच्या घरात त्यांच्याकडं दुसरं होतं काय? नजर गेली की उरणार होती एक जेवायला बसणारी विधवा. दारातली बाई अजून चौकट धरून होती, आणि आता तिचा चेहरा त्यांना नको इतका स्वच्छ दिसत होता.

"माझा हाय," त्या म्हणाल्या.

"तुझा?"

"माझा. झाकून ठेवला व्हता, हितं फळीवरले डबे बघायला म्हणून काढला. मला लांबचं दिसत नाय, सांडू. कधीच दिसलं नाय."

सांडू पाटलांना हे पचायला वेळ लागला. मग ते भडकले. "मंग आजपातुर ज्या पोरी बघितल्यास त्या? आपली समदी सोयरपणं? लोक मला जोड्यानं मारतील की! आन् ही पोर तरी नीट बघितलीस का नाय?"

"मी जवळून बघितली. लई जवळून," मनकर्णाबाई उठून उभ्या राहिल्या. "तुमचे तर डोळे चांगले हायेत. घंटाभर समोर बसली व्हती. सांग, रंग कसा हाय पोरीचा? लुगडं कंच्या रंगाचं नेसलीय?"

सांडू पाटलांना चहा गोड होता एवढं आठवत होतं. मुलगी बघणं हे अक्कांचं काम म्हणून त्यांनी तिच्याकडं बघितलंच नव्हतं. बन्सी मात्र खाली मान घालून पुटपुटला, "मोरपंखी हाय. काठ लाल."

"बघ, एकाला तरी दिसलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पोरगी पसंत हाय."

ठरलेलं लग्न डोळ्यांच्या भांडणावरून मोडलं असतं तर गावात कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण सांगण्यापेक्षा सून आणणं सांडू पाटलांना सोपं वाटलं. अक्का मात्र चष्मा नाकावरून उतरवायला तयार होईनात. 'माझा' म्हटल्यावर परत डब्यात ठेवता येत नव्हता हे खरं, पण ते एकच कारण नव्हतं. वच्छलानं दोन बोटांनी, जा घेऊन, अशी खूण केली.

स्टेशनवर जायच्या आधी मनकर्णाबाईंनी टमटम शहागंजकडं वळवायला लावली. तिथं कमरोद्दीन चष्मेवाल्याचं दुकान होतं. डब्यातल्या चष्म्याच्या काडीवर त्याची खूण आहे हे वच्छलानं निघताना कानात सांगितलं होतं. कमरोद्दीननं चष्मा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि खुशीत म्हणाला, "अरे, ये तो मेरेच हात का माल है! गारखेड्याच्या..."

मनकर्णाबाई खोकल्या. कमरोद्दीननं वर बघितलं. समोर कपाळभर आठ्या घेतलेली बाई, तिच्यामागं तापलेला भाऊ. तीस वर्षं त्या गादीवर बसून त्यानं आया, बाप, नवऱ्या मुली आणि लपवलेले चष्मे पुष्कळ बघितले होते. "...गारखेड्याच्या रस्त्यावर धूळ लई," त्यानं वाक्य पुरं केलं. "काच पुसत जा, बाई."

भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवत त्यानं त्यांचे डोळे तपासले. नंबर त्या चष्म्याहून थोडा जास्तच निघाला. "बाई, इतके साल कसे काढले?"

"सुईत दोरा ओवून," मनकर्णाबाई म्हणाल्या. "दोन बनवा. एक माझा. एक ह्या जुन्याच्या नंबराचा, बारीक सोनेरी काडीचा. सुनेला साखरपुड्यात द्यायचाय."

"सुनेला कशापायी?" सांडू पाटील ओरडले.

"आपल्यात चाल हाय."

"कधीपासून?"

"आजपासून. चाल काय आभाळातून पडती? कुणीतरी पाडतंच की."

साखरपुड्यात पाचवारी, पेढे आणि ताटात चष्मा गेला. बायकांनी तोंडाला पदर लावला. पण पाटलांच्या घरची चाल म्हटल्यावर हसणार कसं? आषाढाच्या आत लासूरच्या एका व्यापाऱ्यानंही सुनेच्या ताटात चष्मा ठेवला, साध्या काचेचा, कारण पोरीचे डोळे चांगले होते. ती बिचारी लग्नभर काचेआडून मिचमिच करत राहिली. कमरोद्दीननं दुकानात 'शादी के खास' अशी एक पेटी वेगळी मांडली.

मनकर्णाबाईंना मात्र त्यानंतर कुणी मुलगी पाहायला नेलं नाही. बातमी बैलगाडीच्या आधी गावात पोचली होती. ज्यांच्या सुना भांडखोर निघाल्या होत्या त्यांना कारण सापडलं, आणि ज्यांच्या चांगल्या निघाल्या होत्या ते म्हणाले, आमचं नशीब. ओट्यावर कुणी येईना. भावजयीनं जेवायला वाढताना दोनदा वाटी आपटली. मनकर्णाबाईंना ते झोंबलं, आणि भावाच्या दारातल्या कडुलिंबाखाली बसून त्यांनी ते पचवलं. वर बघायला पानं होती.

बन्सीचं लग्न गारखेड्यातच लागलं. रिवाजाप्रमाणं मनकर्णाबाईंची जागा मांडवाच्या अगदी शेवटी, आचाऱ्याच्या चुलाणाजवळ. नेहमीच असायची. सत्तर मुली पाहिलेल्या या बाईनं त्यांतल्या एकीचंही लग्न पाहिलं नव्हतं. तिथून मंगलाष्टकं ऐकू यायची, बुंदीचा वास यायचा, आणि पुढं रंगांची गर्दी हलायची, तेवढंच. आजही कुणी म्हणालं नाही, की अक्का, पुढं या.

त्यांनी नवा चष्मा पदरानं पुसला आणि लावला.

डोक्यांच्या चाळीस रांगांपलीकडं अंतरपाट दिसला, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक दिसलं. बन्सीची मुंडावळी एका कानावर घसरलेली दिसली. पुढच्या बाजूला द्वारकाबाई उभी होती, आणि आज तिचे ओठ हलत नव्हते. शेवटचं "सावधान" झालं, अक्षता उडाल्या. त्यातला एकेक दाणा उडताना दिसला. अंतरपाट बाजूला झाला. वच्छलानं बोटानं सोनेरी काडीचा चष्मा वर सरकवला, नवऱ्याकडं एकदा नीट बघून घेतलं, आणि मग नवरीनं बघू नये इतक्या धिटाईनं मान वर करून मांडवभर शोधलं. मानाच्या रांगा तिनं ओलांडल्या, सांडू पाटलांचा फेटा ओलांडला, आणि चुलाणाजवळ येऊन तिची नजर थांबली. तिथूनच तिनं हात जोडले.

पुढच्या लोकांनी मागं वळून पाहिलं, नवरी कुणाला नमस्कार करतेय म्हणून. त्यांना कुणी मोठं माणूस दिसलं नाही. मनकर्णाबाईंनीही हात जोडले, आणि काच ओली झाली की सगळं परत पहिल्यासारखं दिसायला लागतं, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी घाईघाईनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मांडवात अजून पुष्कळ बघायचं राहिलं होतं.